कानाची ओढ

दोन हजारांच्या आतल्या इयरफोनची खरी परीक्षा झांजेवर होते, असं धनंजय मुरदंडे गेली अकरा वर्षं जगाला सांगत आला होता. बेस काय, कुठलंही डबडं फुगवून दाखवतं. पण दोन पितळी झांजा एकमेकींना लागून सुटल्या, की मागे जी केसाइतकी बारीक किणकिण उरते, ती स्वस्तातला इयरफोन एकतर गिळून टाकतो, नाहीतर पत्र्यावर वाळू ओतावी तशी कानात ओततो. ती जशीच्या तशी राखणारी जोडी मिळाली, तर डोळे मिटून घ्यावी.

इचलकरंजीत बसून तो ‘कानोसा’ नावाची वाहिनी चालवायचा. साडेचार लाख माणसं त्याचं ऐकून इयरफोन, खिशातले प्लेअर, फोनला लावायचे डोंगल असलं काय काय विकत घ्यायची. त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, की ती किणकिण धनंजयला स्वतःला ऐकूच येत नाही.

कशी येणार? आजा माग चालवणारा, बाप माग चालवणारा. पाळणा बांधला तो मागाच्या शेडच्या भिंतीला. त्या खटाखटीनं विशीतच त्याच्या कानांतले वरचे सगळे सूर पुसून नेले. राहिलं होतं बोलणं, आणि ते देवानं त्याला भरपूर दिलं होतं. कान होते वृषालीचे, त्याच्या बायकोचे.

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून नवी जोडी कानात घालायची आणि आपल्या भाषेत निकाल द्यायची. “हा बुवांना सर्दी झाल्यासारखा वाजतोय.” “ह्यात तबला शेजारच्या घरात आहे.” “हा बरा आहे ओ, पण पेटी सारखी पुढं पुढं करतीय.” धनंजय ते वहीत टिपायचा, कॅमेऱ्यापुढे बसून शास्त्राच्या शब्दांत मांडायचा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना ती समोर बसून त्याचा आवाजही कानात ऐकायची. कुठं अडखळला, कुठं श्वास चुकला, ते सांगायला.

तपासणीचा तुकडा अकरा वर्षं एकच होता. विश्वनाथबुवा नेर्लेकरांच्या कीर्तनातली तीन मिनिटं. वृषालीचे वडील बुवांच्या साथीला पेटीवर असायचे. ती सातव्या वर्षापासून पेटीच्या भात्याशी मांडी घालून बसायची. त्या तुकड्यात झांज होती, तबल्याच्या बायाँचा घुमारा होता, आणि दोन मिनिटं अकरा सेकंदांवर बुवांना एकदा खोकला यायचा, तो ते पदाच्या ओळीत असा बेमालूम मुरवायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं चालच तशी आहे.

“खोकल्याआधी बुवा जो श्वास घेतात ना, तो ऐकू आला पाहिजे,” वृषाली म्हणायची. “मग इयरफोन खरा.”

इथवर सगळं सुखाचं होतं. मग ती नवी जोडी आली.

*

जोडीचं नाव ‘श्रुती’, किंमत अठराशे नव्याण्णव. बरोबर एक पत्रक होतं, आणि त्यातली गोष्ट वाचून धनंजय दोनदा चष्मा पुसून बसला.

आपण समजतो, कान नुसता घेतो. तसं नाही, कान देतोही. आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळी असते, तिच्यात केसांसारख्या टोकांच्या बारीक पेशी असतात. आवाज आला की त्या नुसत्या थरथरत नाहीत, त्या नाचतात, आलेल्या आवाजाला आपल्या अंगचा जोर लावतात. त्या नाचाचा फार फार हळू आवाज कानातून उलटा बाहेर येतो. डॉक्टर मंडळींना हे कित्येक वर्षं माहीत आहे; नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं का, हे ते असंच तपासतात. ह्या पेशींची दोरी वर मेंदूच्या हातात असते. एखादा आवाज हवासा झाला, की मेंदू दोरी ताणतो, बाकीचं सैल सोडतो. ‘श्रुती’मध्ये मोहरीएवढा मायक्रोफोन होता, कानाच्या आत तोंड करून बसवलेला. कान कुणासाठी किती ताणला गेला ते तो मोजायचा आणि शंभरापैकी आकडा फोनवर दाखवायचा. कंपनीनं त्या आकड्याला नाव दिलं होतं, ‘ओढ’.

“म्हणजे आता कुठला इयरफोन चांगला, हे कुणी सांगायला नको,” धनंजय म्हणाला. “कानच सांगणार.”

“मग तुमचं काय काम?” वृषाली हसली.

“माझं काम बोलायचं. घाल कानात.”

तुकडा लागला. फोनवर आकडा चढत गेला: साठ, ब्याऐंशी. खोकल्याआधीच्या श्वासापाशी एक्क्याण्णववर जाऊन थांबला. चार हजार वेळा ऐकलेला तुकडा, आणि तरी एक्क्याण्णव! धनंजयला आधी नवलच वाटलं. मग त्यानं नेहमीसारखं कॅमेऱ्यापुढे बसून सुरुवात केली, “नमस्कार मंडळी, कानोसा घ्यायची वेळ झाली...” वृषाली समोर, जोडी कानात, हात मांडीवर. त्याची नजर सहज फोनकडे गेली.

चौतीस.

“काय झालं? अडलात का?” तिनं विचारलं.

“काही नाही. घशात काहीतरी आलं.”

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आकडा एकसष्टवर गेला.

*

मत्सर माणसाच्या घरात दार वाजवून येत नाही. तो आधीपासूनच माळ्यावर असतो, कुणीतरी शिडी लावायची वाट बघत. कुकरच्या शिट्टीखाली आपण, हे धनंजयच्या डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात त्यानं बारा वेळा मोजलं. भाजीवाली, पंचावन्न. शेजारच्या कमलमावशी, ज्यांचं बोलणं वृषालीला अजिबात आवडत नव्हतं, त्याही अठ्ठेचाळीस. लग्नातला त्यानं घेतलेला उखाणा जुन्या व्हिडिओतून काढून लावला. छत्तीस. दोन गुण जास्त, ते बहुतेक मागच्या सनईचे.

आणि बुवा? बुवांना चौऱ्याहत्तरावं चालू होतं. वरच्या दातांचा सेट होता, तो ‘स’ म्हणताना हलायचा. उपरण्याच्या टोकाला ज्येष्ठमधाची कांडी बांधलेली असायची. अशा माणसावर जळायचं म्हणजे देवळाच्या कळसावर जळण्यासारखं आहे, हे धनंजयला कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांचं कधी पटलंय?

“एवढं काय असतं गं त्यांच्या आवाजात?” एकदा जेवताना त्यानं विचारलं.

“कुणाच्या?”

“बुवांच्या. दुसरं कोण आहे आपल्या घरात?”

वृषालीनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. “असं काय विचारताय? बाबांची पेटी त्याच आवाजामागनं चालायची. तो आवाज लागला की बाबा शेजारी बसल्यासारखे वाटतात.”

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. पण मत्सराला कान नसतात, तोंडच असतं.

मोठ्या भोंग्यांवर बंदी येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दत्तमंदिरातलं कीर्तनसुद्धा आता कानातूनच व्हायचं. बुवांच्या उपरण्याला बटणाएवढा माईक, साथीदारांपुढे दोन, आणि खांबाजवळ एक छोटा डबा, जो सगळं श्रोत्यांच्या इयरफोनमध्ये पोचवायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं ते असं, की शंभर माणसं गप्प सभामंडपात बसलीत, एकदम हसतायत, एकदम डोळे पुसतायत. बुवांनाही सवय झाली होती. ते आता आवाज चढवतच नसत, शेजारी बसून बोलावं तसं बोलायचे. डबा सांभाळायचं काम अर्थातच धनंजयकडे होतं.

‘श्रुती’मध्ये आणखी एक सोय होती. म्हाताऱ्या माणसाला गर्दीत नातवाचा आवाज ऐकू यावा, म्हणून हवा तो आवाज ओळखून तेवढाच उचलून धरता यायचा. फोनवर त्या माणसाचं नाव आणि पुढं एक पट्टी. अंगठ्यानं उजवीकडे सरकवली की आवाज वर.

डावीकडेही सरकत होती.

एका गुरुवारी, कीर्तनाला निघण्याआधी, वृषाली केसांत गजरा माळत असताना धनंजयनं तिच्या खात्यावर बुवांचं नाव नोंदवलं आणि पट्टी डावीकडे नेली. फार नाही, निम्म्याला थोडी कमी. एकदाच बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी कीर्तनात तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. ती पाहून धनंजयला जे सुख झालं, ते सांगायला लाज वाटावी असं होतं. पुढच्या गुरुवारी पट्टी तशीच राहिली. त्याच्या पुढच्याही.

*

चौथ्या गुरुवारी कीर्तन संपलं, आरती झाली, मंडळी पांगली. बुवा खांबाला टेकून कोमट पाणी पीत बसले होते. धनंजय दोन हातांवर वायर गुंडाळत होता.

“काय गं पोरी,” बुवांनी नेहमीसारखं विचारलं, “आज कसं झालं?”

हा प्रश्न ते वृषालीला तिच्या वडिलांच्या माघारी गेली सतरा वर्षं विचारत आले होते. तिच्या वडिलांच्या तेराव्याला त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता: ज्या दिवशी माझा आवाज देवाच्या पायापर्यंत पोचेनासा होईल, त्या दिवशी तू मला सांगायचं. लोक लाजेपोटी सांगत नाहीत, आणि गवय्याला स्वतःला कधीच कळत नाही. तू सांगितलंस की मी चिपळ्या ठेवीन. ह्यावर आजवर तिचं उत्तर ठरलेलं असायचं: “बुवा, अजून पुष्कळ आहे.”

आज ती जोडी डबीत ठेवत राहिली.

“सांग की.”

“बुवा...” तिनं डबीचं झाकण लावलं. “झांज लखलखीत आहे. तबला स्वच्छ आहे. तुमचा आवाज मात्र पोचत नाही. चार गुरुवार झाले. मला वाटलं माझेच कान गेले.”

“बाकीच्यांना तर छान वाटलं म्हणे.” तबलजी मध्येच म्हणाला.

“बाकीचे मला प्रेमानं फसवतायत,” बुवा म्हणाले. “ही फसवणार नाही. एवढ्यासाठीच तर हिच्याकडून शब्द घेतलाय.” त्यांनी चिपळ्या उचलल्या, घुंगरांवरून एकदा अंगठा फिरवला आणि त्या पिवळ्या फडक्यात बांधल्या. “येत्या एकादशीला शेवटचं करतो. ठरलंय ते ठरलंय. रडू नकोस गं. तुझ्या बापाला पेटी खाली ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता, मला मिळाला.”

धनंजय दोन हातांच्या अंतरावर उभा होता. वायरीचा वेढा त्याच्या कोपराभोवती तसाच राहिला. तोंड उघडायला तेव्हा एक श्वास पुरला असता. तो श्वास त्यानं घेतला आणि गिळला.

घरी येताना रिक्षात वृषाली म्हणाली, “मी कमलमावशींची जोडीसुद्धा घालून बघितली ओ. तसंच.”

तसंच असणार. आताच्या जोड्या माणूस नाही, कान ओळखतात. कुणाचीही घातली, तरी त्या कानाचा नकाशा, खात्यावरच्या पट्ट्यांसकट, आपोआप उतरून घेतात. हे धनंजयला माहीत होतं.

“आणि तुम्ही लावून दिलेल्यात खोट असणार नाही,” ती पुढं म्हणाली. “म्हणजे खोट बुवांच्यातच.”

दुसऱ्या दिवशी एक नवी जोडी तपासायला आली. ती स्टुलावर बसली, कानात घातली आणि लगेच काढून हातावर ठेवली. “तुकडा बदला तेवढा. दुसरं काहीही लावा. हे नको आता.”

*

एवढं होऊनही धनंजयच्या मनातला काटा निघाला नव्हता, उलट रुतला होता. कारण त्यानं मुद्दाम गुरुवारच्या नोंदी उघडून पाहिल्या होत्या. पट्टी खाली ओढल्यावर वृषालीची बुवांसाठीची ओढ शहाण्णववर गेली होती. आवाज जितका दाबला, तितका तिचा कान त्याच्या मागं धावला होता.

इचलकरंजीत धनंजयच्या कानांचं गुपित जाणणारी तिसरी एकच व्यक्ती होती, श्रवणतज्ज्ञ डॉक्टर शाहीन बागवान. दरवर्षी त्याच्या कानांचा तक्ता तीच काढायची. तो फोन घेऊन तिच्याकडे गेला. पट्टीचं सांगितलं नाही; नुसते आकडे पुढं ठेवले.

“डॉक्टर, हे चौतीस वर कसे न्यायचे, तेवढं सांगा. इयरफोन बदलू? माझा माईक बदलू?”

डॉक्टरनं नोंद मोठी करून पाहिली. तिच्या भुवया वर गेल्या. “दादा, वहिनी त्या वेळी बोलत होत्या का?”

“छे. गप्प बसलेली. तोंड मिटून.”

“नक्की?”

“समोर बसलेली ओ माझ्या. हलतसुद्धा नव्हती.”

“मग हे बघा.” तिनं पडद्यावरच्या रेषेवर पेन टेकवलं. “कानाच्या पडद्यामागं एक स्नायू असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. आपण बोलायच्या क्षणभर आधी तो आवळतो. आपल्याच आवाजाचा दणका आपल्याच कानाला बसू नये म्हणून. मेंदूही सांगतो, हे घरचंच आहे, ह्याच्यासाठी ताणू नको. म्हणून स्वतः बोलणाऱ्या माणसाची ओढ तिशीत येते. इथं बोलताय तुम्ही, आणि स्नायू आवळतोय वहिनींचा. तोसुद्धा तुमचा शब्द पोचायच्या आधी. हे बघा, इथं. परत इथं. प्रत्येक शब्दाला.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे पुढचा शब्द कुठला येणार, ते त्या कानाला आधीच ठाऊक आहे. तुमचं वाक्य वहिनी मनात तुमच्याआधी म्हणतात.”

धनंजय चाचरत म्हणाला, “म्हणजे तिला माझ्याबद्दल...”

“प्रेमबिम मला विचारू नका. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच कळलंय, की ह्या कानानं तुमचा आवाज परक्याचा म्हणून घेतलेला नाही.” ती हसली. “आणि ओढ हे नाव जाहिरातवाल्यांचं. आम्ही त्याला कष्ट म्हणतो. लांबचं, हलकं, निसटतं ऐकायला कान कष्ट घेतो. घरातल्या घरात चालायला कोण चप्पल घालतं?”

धनंजय दवाखान्याच्या पायऱ्या उतरला. एकादशी परवावर आली होती.

*

एकादशीला दुपारी चार वाजता मंडप भरून बाहेरच्या फरशीपर्यंत माणसं बसली. बुवा पांढरंस्वच्छ धोतर नेसून उभे राहिले. पूर्वरंगात त्यांनी निरूपण केलं ते निरोपाचं. पण कुठं रडगाणं नाही. “पाहुण्यानं ताट उष्टं टाकू नये आणि पाटावर बसूनही राहू नये,” असं म्हणाले, तेव्हा आख्खा मंडप हसला आणि तेवढ्यातच कुणाकुणाचे पदर डोळ्यांना गेले. वृषाली खांबाशी बसली होती, दोन्ही हातांनी कान दाबून, आवाजाचा एक थेंबही सांडू नये म्हणून.

धनंजय डब्याजवळ. फोन हातात. अंगठा पट्टीवर.

सकाळपासून त्यानं एक सोपी वाट हेरून ठेवली होती. मध्यंतराआधी पट्टी गुपचूप वर सरकवायची. वृषालीला आवाज परत येईल, ती धावत जाऊन सांगेल, बुवा म्हणतील देवाची कृपा, लोक टाळ्या वाजवतील. चिपळ्या वाचतील, संसार वाचेल, आणि कुणाला काही कळणार नाही. आयुष्यभर तिच्या कानाच्या जिवावर बोललेलं चाललं, मग आणखी एक चमत्कार देवाच्या नावावर खपला तर कुठं बिघडलं?

त्यानं पट्टी वर सरकवली.

आणि वृषालीची मान झटकन वर आली. तिनं एक बाजू कानातून काढली, नुसत्या कानानं ऐकलं, परत घातली. दुसरी काढून बघितली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद फुटायला लागला होता, तो अर्ध्यावर थांबला. आवाज माणसाचा बरा होतो, पण पदाच्या मधल्या ओळीत, एका मात्रेत होत नाही. अकरा वर्षं इयरफोन तपासलेली बाई ती. तिची मान सावकाश डब्याकडे वळायला लागली.

तेवढ्यात पूर्वरंग संपला, नामाचा गजर झाला. मध्यंतरात बुवांना हार घालायचा आणि बुक्का लावायचा, ही रीत. हार आज मंदिराच्या पंचांपैकी कुणी घालणार होतं. धनंजय डब्यापासून उठला, तबकातला हार उचलला आणि पुढं गेला. बुवांच्या उपरण्यावरचा माईक चालूच होता. तो बंद करायचं बटण खांबाजवळच्या डब्यावर होतं, आणि ते धनंजयनं दाबलं नव्हतं. आपण आता जे कुजबुजू, ते शंभर माणसांच्या कानात पडणार, हे त्याच्याइतकं त्या मंडपात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“बुवा,” तो म्हणाला, “तुमचा आवाज कुठं गेलेला नाही. मी दाबला होता.”

मंडपात झांजेवरचं बोट तसंच थांबलं.

“हिच्या इयरफोनमध्ये. फक्त हिच्या. यंत्रानं दाखवलं की ती तुम्हाला जेवढं ऐकते तेवढं मला ऐकत नाही. मी जळलो. चार गुरुवार, आणि आजही. ती खोटं बोलली नाही बुवा, तिच्या कानात खोटं मी घातलं.” त्यानं हार दुसऱ्या हातात घेतला. “आणखी एक. इयरफोनमधली झांज मला ऐकू येत नाही. कधीच आली नाही. ‘कानोसा’ हिचा आहे.”

मग बुवांनी हार त्याच्या हातातून घेतला आणि वास घेतला.

“अरे लेका,” ते म्हणाले, “चव्वेचाळीस वर्षं उभा आहे मी असा. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्यावर कुणी जळावं, एवढा मोठा सत्कार माझा कुणी केला नव्हता!”

मंडप खळखळून हसला. धनंजयलाही हसू फुटणार होतं. पण बुवांनी आवाज खाली आणला.

“माझं सोड. मी चिपळ्या फडक्यात बांधल्या, फडकं सोडलं की झालं. पण ह्या पोरीचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडवलास तू. तो सोडून परत बांधायचा कसा, ते मला येत नाही. ते तुझं तू बघ.” त्यांनी बुक्क्याचं बोट त्याच्या कपाळाला लावलं, पंचांकडे वळून म्हणाले, “उत्तररंगात पारिजातकाचं आख्यान ठरवलं होतं मंडळी. झाड एकीच्या दारात आणि फुलं दुसरीच्या अंगणात. निम्मं आख्यान ह्यानंच सांगून टाकलं. आता उरलेलं मी सांगतो. आणि पुढच्या गुरुवारी या सगळे.”

चिपळ्या वाजल्या. धनंजय मागं वळला. वृषाली हसत नव्हती, रडतही नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. प्रवासात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी, नीट, पहिल्यांदा.

हातातल्या फोनचा पडदा अजून उजळलेला होता. वर तिचं नाव, खाली त्याचं, आणि त्याच्यापुढे आकडा. अठ्ठ्याण्णव. बुवांनाही कधी न मिळालेला. त्याचा एकही शब्द तिला आधी ठाऊक नव्हता. एकेका शब्दासाठी तिच्या कानाला धावावं लागलं होतं.

ज्यासाठी त्यानं हा सगळा उपद्व्याप केला, ते त्याच्या तळहातावर होतं. आणि त्या क्षणी कुणी विचारलं असतं, तर त्यानं ते अठ्ठ्याण्णव सगळेच्या सगळे देऊन चौतीस परत घेतले असते.

*

वृषाली अकरा दिवस कामापुरतं बोलली. बाराव्या दिवशी तिनं फोन मागून घेतला, त्यातल्या सगळ्या पट्ट्या स्वतः तपासल्या आणि खात्याची किल्ली बदलली. “मोजायचंच असेल तर मी मोजीन,” म्हणाली.

‘कानोसा’वर आता दोघं दिसतात. ती ऐकते आणि स्वतःच्या तोंडानं सांगते; लोकांना सर्दी झालेले इयरफोन आणि शेजारच्या घरातला तबला फार आवडला. धनंजय किमती सांगतो, डोंगल कुठला लावायचा ते सांगतो. निम्मे प्रेक्षक शिव्या देऊन निघून गेले, राहिलेले राहिले. तपासणीचा तुकडा पुन्हा तोच आहे, खोकल्यासकट. गुरुवारी डबा तबलजी सांभाळतो. धनंजय सतरंजीवर मागं बसतो, आणि झांज वाजली की वृषालीच्या चेहऱ्याकडे बघतो. त्याला ती तिथं दिसते.

रोज संध्याकाळी तो रेकॉर्डिंगला बसतो, ती समोर जोडी घालून. “नमस्कार मंडळी...” आणि संपलं की ती फोनकडे बघून, चेहरा न हलवता, आकडा सांगते. पहिल्या दिवशी एक्क्याण्णव होता. गणपतीत ब्याऐंशी. दिवाळीत तिनं चकलीचा सोऱ्या हातात असताना सांगितलं, सत्तर.

काल ती म्हणाली, “अठ्ठावन्न. कुकरच्या खाली आलात.”

धनंजयनं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि इयरफोनची वायर नीट गुंडाळून डबीत ठेवली.